पाचानंतरची माणसं

॥ श्री ॥
मखमलाबाद, नाशिक
१८ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. मनीषा हिस खंडेरावचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा फोनवर धड बोलता आलं नाही. तुमच्या नामपूरच्या लाइनीवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं बूथवाला ऐकतो, म्हणून सगळं पत्रात लिहितो. आईच्या जिवाला आता धोका नाही. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. तिला दवाखान्यातून घरी आणलं आहे. डावी बाजू गेली. तोंड जरा वाकडं झालंय, पण बोलणं स्पष्ट आहे आणि शिव्याही स्पष्ट आहेत. खाटेला धक्का लागला म्हणून तिने नाथाचा बाप काढला, तर आपला गडी आनंदाने अंगणात जाऊन रडला.

एक गोष्ट मात्र कशी लिहावी ते कळत नाही. डावा हात हलत नाही एवढंच असतं तर धकून गेलं असतं. पण तो हात आपला आहे हेच तिला पटत नाही. घरी आणलं त्या दिवशी स्नेहलला म्हणाली, ह्यो कुणाचा हात पडलाय हितं, उचल. तुझ्या वहिनीला वाटलं सासूबाई थट्टा करतायत. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की मेंदूच्या उजव्या अंगाला मार बसला की असं होतं. तिच्या लेखी डावी बाजूच उरलेली नाही. ताटात डावीकडे वाढलेली कोशिंबीर तशीच राहते. ताट फिरवून ठेवलं की म्हणते, आधी का नाय वाढली.

तुझा भाऊ पडला गणिताचा मास्तर. मी वाद घालायला बसलो. माणसाला बोटं किती, विचारलं. धा, म्हणाली. तुला किती? तिने उजवा पंजा माझ्यासमोर धरला. मग बाकीची पाच कुठं गेली? तर म्हणाली, असतील कुणाची तरी. वर्गात असं उत्तर आलं असतं तर मी पोराला बाकावर उभं केलं असतं. इथे मीच उठून मळ्यात गेलो.

बाकी मेथी निघाली, कोथिंबिरीला भाव नाही. आई दिवेलागणीला पूर्वीसारखी मोजणी करते. तू लगेच धावत येऊ नकोस, तुझ्याकडचंही मला ठाऊक आहे. चंदररावांना नमस्कार, राजला आशीर्वाद. लोभ तुझ्याकडे भरपूर आहे, थोडा इकडे पाठवत राहा.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
नामपूर
२७ नोव्हेंबर १९९६

ती. स्व. दादास मनीषाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चुलीपुढे वाचलं, म्हणजे डोळ्यांना धूर लागला असं सांगता येतं. नाथा रडला त्या ठिकाणी मला हसू आलं आणि मग आवरेना. कुणी मला शिव्या घालणारं नाही रे इथे. आमच्या सासूबाई फार गुणी आहेत.

येता येत नाही, दादा. सासूबाईंचं मांडीचं हाड मोडल्यापासून त्या खाटेवरच आहेत, त्यांचं सगळं मीच करते. त्यात उन्हाळ कांद्याची रोपं लावणीला आली आहेत. बाया आज मिळतात, उद्या मिळत नाहीत. दवाखान्यात सासूबाईंना वय विचारलं तर म्हणाल्या, तीन ईसा आन् बारा. त्या सगळं विसाच्या हिशेबातच सांगतात. कंपाउंडरला तीन ईसा काही कळले नाहीत, त्याने कागदावर नुसते बारा लिहिले. तेव्हापासून राज सांगत सुटलाय की आजी माझ्याहून एक वर्षाने लहान आहे. त्याने तुला विचारायला सांगितलंय, की आजी वीस वीस मोजते तर आम्हाला शाळेत दहा दहा का शिकवतात?

आईची संध्याकाळची मोजणी चालू आहे हे वाचून फार बरं वाटलं. दिवा लावला की उजव्या हाताचं एकेक बोट मिटायची. बाजारात माल मोजताना म्हणतात तसं पहिल्याला एक न म्हणता लाभ म्हणायची. लाभ तू, मग वहिनी, तुमची पोरं सृष्टी आणि स्वराज, मग नाथा. मग डावा हात. तिथे पहिली मी, मग जावई, राज, येवल्याचे पुंजाराम मामा. करंगळी आल्यागेल्यासाठी. दोन्ही मुठी मिटल्या की हात भरले म्हणायची आणि मगच देवापुढे हात जोडायची.

एकदा मी भांडले होते, की गडीमाणूस उजव्या हातात आणि पोटची पोर डाव्यात, हा कुठला न्याय. तर म्हणाली, ज्यो घरात जेवतो त्यो उजव्यात. मी फुगून दोन घास कमी जेवले होते. आता मला ते डावं बोटच पुष्कळ आहे. ती अजून तिथे माझं नाव पहिलं घेते ना? एवढं लिही.

वहिनीला नमस्कार सांग. तिचा जीव किती शिणत असेल ते मला इथे बसून कळतं. माया पातळ होऊ देऊ नका.

तुझी,
मनी


॥ श्री ॥
मखमलाबाद, नाशिक
१० डिसेंबर १९९६

चि. सौ. मनीषा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

राजला सांग की त्याचा मामा या प्रश्नावर खूश आहे. त्याच आठवड्यात सृष्टीनेही तेच विचारलं. नऊ झाल्यावर लगेच दोन आकडे का येतात, अकरा-बारापर्यंत एकेकच आकडा का नाही? दोन्ही पोरांनी आपसात ठरवून मला पकडलं असावं.

खरं सांगायचं तर दहामध्ये असं काही विशेष नाही. उलट बारा हा त्याच्याहून सोयीचा. डझनभर केळी दोघांत वाट, तिघांत वाट, चौघांत वाट, सहांत वाट, भांडण होत नाही. दहा केळी तिघांत वाटायला बसलं की मारामारी. घड्याळवाल्यांनी साठ धरले. तुझ्या सासूबाईंच्या लोकांनी हाताच्या जोडीला पायाचीही बोटं धरली आणि वीस केले. अनवाणी चालणाऱ्याला पायाची बोटं समोरच दिसत होती. पण बहुतेकांना पहिल्यांदा सापडले ते आपले दोन पंजे. ते संपले तिथे माणूस थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. देवाने चार-चार बोटं दिली असती तर आठ झाल्यावर हातचा धरला असता आणि मी पोरांना तसे पाढे घोकायला लावले असते. हिशेब सगळा तोच झाला असता. दहा हे शहाणपणाने निवडलेलं नाही, अंगाला होतं ते घेतलं.

वर्षानुवर्षं मी वर्गात हे हसत हसत सांगत आलो. आता घरात डोळ्यांनी बघतो. आईचे आकडे खरोखर पाचावर आले आहेत. नाथा कोथिंबिरीच्या जुड्या तिच्यासमोर टाकतो, तिला बरं वाटावं म्हणून. ती लाभ, दोन, तीन, चार, पाच म्हणते आणि पुन्हा लाभ. दोन पाच झाले, तीन पाच झाले, असं म्हणत नाही. पुढे जायचं तर मागचे पाच कुठेतरी धरून ठेवावे लागतात. तिच्याजवळ धरायला काही नाही. आयुष्यभर शेकड्याने भाजी विकलेली बाई, मनी. व्यापारी तिला फसवू शकला नाही.

मोजणीचं विचारलंस. चालू आहे. सविस्तर पुन्हा केव्हातरी लिहीन. तुझ्या हाताला रोपं लावून चिरा पडल्या असतील, तेल लाव. आमची आठवण काढत जा, आम्ही काढतोच.

तुझा,
दादा


मखमलाबाद
२२ डिसेंबर १९९६

प्रिय आत्यास सृष्टीचा साष्टांग नमस्कार.

मी हे पत्र पप्पांना न दाखवता लिहिते आहे. पोस्टात नाथाकाका टाकणार आहेत. मला सहामाहीत गणितात चांगले मार्क मिळाले, पण पप्पा म्हणाले की ठीक.

आत्या, आजी आता तुमचं नाव घेत नाही. ती फक्त आम्हाला पाच जणांना मोजते आणि मग हात भरला म्हणते. दुसरा हात ती मोजतच नाही, कारण तो तिचा नाही. मी तिला म्हटलं, आत्याचं नाव घे ना, राजदादाचं घे ना. तर म्हणाली, हात भरला ना बाय, आता कुठं ठेवू. मी त्या हाताच्या नखांना माझं लाल नेलपॉलिश लावलं, म्हणजे तिचं लक्ष जाईल. लक्ष गेलं, पण म्हणाली, कुणाची पोर आहे गं, नखं छान आहेत.

पप्पा म्हणाले होते की आत्याला हे कळवायचं नाही. पण मला वाटलं की तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही येणार कशा? आई रोज आजीचा तो हात कोमट पाण्याने पुसते. आजी तेव्हा दुसरीकडे बघते.

तुम्ही रागावू नका आणि मला विसरू नका.

तुमची लाडकी,
सृष्टी


॥ श्री ॥
नामपूर
२ जानेवारी १९९७

ती. स्व. दादास शि. सा. न.

तुझ्यापेक्षा तुझी लेक मोठी आहे. तिला रागावलास तर बघ.

मी आधी तुझ्यावर चिडले, मग आईवर, मग देवावर, आणि शेवटी गड्यावर. हो, नाथावर. दिवसभर वाफ्यात वाकून रोपं लावताना मनात एकच, की त्याला उजव्या हातातून काढा आणि मला तिथे बसवा. मग आठवलं, बाबा गेल्यावर मळा कोरडा पडू दिला नाही तो त्याने. माझी मला लाज वाटली, पण दुःख काही कमी झालं नाही.

आजारी माणसाच्या बोलण्याचं काय मनावर घेतेस, असं हे म्हणतात. बरोबर आहे. पण दादा, मी सासरी आले तेव्हापासून रोज दिवेलागणीला मला वाटायचं की आता तिकडे माझं नाव निघालं असेल. कामात असले तरी वाटायचं. आता ती वेळ येते आणि मला कळत नाही की हात कुठे ठेवू. मला कुणी वाईट वागवत नाही, कशाला कमी नाही. पण मला मोजणारं कुणी उरलं नाही असं वाटतं. हसू नकोस.

तू एवढा गणिताचा मास्तर. इतक्या जणांना हातचा धरायला शिकवलास. मग पाचात सहावं माणूस बसवून दाखव.

मी लावणी उरकली की येते. सासूबाईंकडे कोण बघेल ते अजून ठरत नाही. माझं बोलणं मनात ठेवू नकोस, मला मात्र ठेव.

तुझी,
मनी


॥ श्री ॥
मखमलाबाद, नाशिक
२४ जानेवारी १९९७

चि. सौ. मनीषा हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्यापासून लपवलं ते चुकलंच. तुला त्रास नको म्हणून लपवलं, असं सगळेच म्हणतात. मीही तेच म्हणतो.

तुझ्या पत्रानंतर सगळं करून पाहिलं. नाथाला तुझं पत्र वाचून दाखवलं नव्हतं, तरी त्याच्या कानावर गेलं. तो स्वतः आईपुढे जाऊन बसला आणि म्हणाला, मला सोडा, ताईला धरा. तिने त्याला फैलावर घेतलं, की तुला सोडू तर भाकरी काय भिताडाला घालू. बिचारा तोंड लपवून गेला.

मग मी अक्कल चालवली. एका हाताच्या चार बोटांना बारा पेरं असतात. अंगठा फिरवला की एकाच हातावर बारापर्यंत मोजता येतं, जप करणारे करतात तसं. आईला देवाचं नाव घ्यायला सांगितलं तर अंगठा पेरांवरून सरसर फिरला, एकही पेर चुकलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आता अशीच माणसं मोज, सगळी मावतील, वर दोन जागा उरतील. तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. म्हणाली, माणूस काय पेरावर बसतं का, माणसाला आख्खं बोट लागतं. झालं माझं गणित.

आता वाईट बातमी. संक्रांतीनंतर तिला दुसरा झटका येऊन गेला. लहानसा होता, पण त्याने बरंच नेलं. रोज समोर असणारी आम्ही पाच माणसं तिला कळतात. पुंजाराम मामा येवल्याहून भेटायला आले, तर तिने पदर डोक्यावर घेतला आणि पाव्हणं कुठल्या गावचं, असं विचारलं. मामांनी लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. तिने सगळ्या ऐकून घेतल्या आणि त्यांना चहा द्यायला सांगितलं.

डॉक्टर म्हणतात, जे आहे ते सांभाळा. तू ये. मनाची तयारी करून ये. ती कशी करतात ते मला विचारू नकोस. आहे तेवढी माया घेऊन निघ.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
नामपूर
११ मार्च १९९७

ती. स्व. दादास शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. सासूबाईंनी शेजारच्या वत्सलाबाईंना खाटेजवळ बसवून घेतलं होतं. तुनी माय शे ती, तू जाय, असं त्यांनीच मला म्हटलं होतं, नाहीतर माझं पाऊल निघालं नसतं. आल्या आल्या त्यांनी विचारलं, वळखलं का मायने? मी हो म्हणाले. खाटेवरच्या माणसाला दुसरं काय सांगणार?

नाशिकला असताना तुझ्यापाशी एक गोष्ट बोलले नाही. तिथे बोलले असते तर निघता आलं नसतं.

पहिल्या दिवशी मी आले ती खाटेच्या डाव्या अंगाला बसले. आई, आई म्हणत राहिले आणि ती भिंतीकडे बघत राहिली. वहिनीने येऊन सांगितलं की वन्सं, त्या बाजूचं त्यांना काही नाही, इकडे या. मी उठून उजवीकडे गेले तेव्हा तिने पाहिलं आणि पदर सारखा केला. कुठून आलात, म्हणाली. जन्मात आईने मला असं अहो-जाहो केलं नव्हतं. मी म्हणाले, मी मनी. तर म्हणाली, असं का, माझ्या लेकीचं बी नाव तेच.

हे तू पाहिलंस. पुढचं पाहिलं नाहीस. निघायच्या आदल्या संध्याकाळी तू पाणी सोडायला मळ्यात गेला होतास, वहिनी आत होती. वहिनीने दिवा लावून ठेवला होता. आईने मोजायला सुरुवात केली. लाभ म्हणत तुझं बोट मिटलं, मग वहिनी, मग मुलं, मग नाथा. मूठ भरली. मी काही ठरवलं नव्हतं. तिने मूठ उघडली तसा मी माझा हात तिच्या हातात दिला.

तिने तो परत दिला नाही. कुणाचा म्हणून विचारलंही नाही. कांद्याच्या मातीने माझी बोटं काळी झालेली, ती तिने अंगठ्याने जराशी पुसली. मग माझं पहिलं बोट मिटलं आणि म्हणाली, मनी. दुसरं मिटलं, जावाय. मग राज. मग पुंजाराम. करंगळी आली तेव्हा थोडं थांबली आणि तीही मिटली. हात भरले, म्हणाली.

दादा, तिने मला माझ्याच बोटावर मोजलं. मी तिथे होते. माझा श्वास तिच्या तोंडावर जात असेल इतकी जवळ होते.

मग माझी मूठ तशीच धरून मला म्हणाली, “माझी लेक हाय नामपूरला. लय दिस झालं, आली नाय. तुम्ही तिकडच्याच ना? गाठ पडली तर सांगा, आई मोजती म्हणावं.”

मी म्हणाले, सांगते.

दुसऱ्या दिवशी तू एसटीत बसवून दिलंस तेव्हा मी हसत होते, ते यामुळे. सटाणा येईपर्यंत हसणं टिकलं.

आता तुम्ही एवढं करा. पाच झाले की रोज कुणीतरी आपला हात तिला द्या. सृष्टीचा द्या. मला तिथून काढू नका.

तुझी,
मनी


॥ श्री ॥
मखमलाबाद, नाशिक
२६ मार्च १९९७

चि. सौ. मनीषा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी सृष्टीला आईजवळ बसवलं. पाच झाले तसा पोरीने हात पुढे केला. आईने तो बाजूला सारला. म्हणाली, तुला मोजलं की आत्ता. दुसऱ्या दिवशी स्नेहलने दिला, मग मी दिला, नाथाही हात धुऊन येऊन बसला. प्रत्येकाला तेच, तुला मोजलं की.

म्हटलं, घरचा हात चालत नसेल, बाहेरचा चालेल. शेजारच्या भागुबाईंना बोलावलं. आई त्यांनाही ओळखत नाही. त्यांनी प्रेमाने हात दिला. आईने बराच वेळ तो पाहिला आणि त्यांच्या मांडीवर परत ठेवला. म्हणाली, परक्याच्या हातावर आपली माणसं कशी मोजायची?

भागुबाईंनंतर मी कुणाला बोलावलं नाही.

आता रोज पाच झाले की ती मूठ उघडून पंजा पुढे धरते आणि बसून राहते. कुणाची वाट बघतेस, विचारलं तर सांगत नाही. हात दुखायला लागला की खाली घेते. हात भरले असं ती आता म्हणत नाही.

तुझी कांदे काढणी सुरू झाली असेल, सासूबाई अजून उठत नाहीत, येणं किती अवघड आहे ते मला सगळं कळतं. कळूनही लिहितो. जमेल तेव्हा ये. तू कोण ते तिला सांगत बसू नकोस. उजव्या बाजूला येऊन बस आणि हात दे.

तुझा,
दादा